पोराचं वजन, रक्त आणि घरचं ताट: चिकोडीच्या एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. चिकोडी तालुक्यातल्या एका ताईंचा मुलगा ९ वर्षांचा, चौथीत, उंची १३४ सेंटिमीटर, वजन ४६ किलो. मालकांचं वजन ९२, ताईंचं स्वतःचं ७८, त्यांच्या आईचं ८४ आणि तिला शुगरपण आहे. ताईंची आई ७३ सालच्या उन्हाळ्यात जत बाजूला जन्मली, लग्नाआधी काडीसारखी होती म्हणे. ताईंना स्वतःला या मुलाच्या वेळी दिवस असताना शुगर निघाली होती, बाळंतपणानंतर परत कधी तपासली नाही, आणि आता दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय. शाळेच्या बाईंनी मुलाला डॉक्टरला दाखवा म्हणून सांगितलं, घरात सासूबाई म्हणतात, "आमच्यात सगळीच अंगानं हाईत, वयात आला की उंचीत निघून जातंय." ताईंचा प्रश्न असा की हे रक्तातलंच असेल तर डाएट करून काय उपयोग, आणि रक्तातलं नसेल तर मग चूक माझीच का.

ताई, आधी तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर देते कारण ते वाचून मला फार वाईट वाटलं. चूक तुमची नाही. मी या निपाणी-चिकोडी पट्ट्यात २६ वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून बसते, एकेका घरातली आजी, सून आणि नातू अशा तीन पिढ्या माझ्या टेबलासमोर बसून गेल्यात, आणि प्रत्येक वेळी असंच होतं की पोराचं वजन काट्यावर दिसलं की घरातले सगळे आईकडं बघतात. आईनं एकटीनं काही केलेलं नसतं. तुमच्या मुलाच्या अंगावर जे दिसतंय त्याची सुरुवात तुम्ही जन्मायच्याही आधी झालीय, कशी ते पुढं सांगते, थोडं लांबेल पण नीट वाचा.

पहिलं म्हणजे आकडा. ४६ किलो आणि १३४ सेंटिमीटर म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा आकडा) साडेपंचवीसच्या आसपास. मोठ्या माणसांचा नियम लहान मुलांना लागत नाही, त्यांच्यासाठी वयाप्रमाणे तक्ते असतात, आपल्याकडं बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरतात, आणि त्या तक्त्यात ९ वर्षांच्या मुलाचा हा आकडा लठ्ठपणाच्या रेषेच्या वर जातो. म्हणजे बाळसं म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. सासूबाई म्हणतात ते उंचीत निघून जाणं अगदीच खोटंय असं मी म्हणणार नाही, काही मुलांत होतं तसं, पण ज्या घरात आई किंवा वडील लठ्ठ आहेत तिथं ते आपोआप होण्याची शक्यता कमी असते. १९९७ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता, त्यात १० वर्षांखालच्या मुलांत आई-वडलांपैकी एकजण जरी लठ्ठ असला तर ते मूल मोठेपणी लठ्ठ होण्याची शक्यता दुपटीहून जास्त निघाली, मूल आज बारीक असलं तरीही.

आता रक्ताचं. रक्तात आहे का, तर हो, आहे, आणि हे मी मनापासून सांगते कारण बरेच लोक "सगळं खाण्यावर असतंय, तोंड बंद ठेवा" असं सांगून जाड माणसाला अपराध्यासारखं वागवतात. १९८६ साली डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० माणसांची वजनं बघितली, तर ती वाढवणाऱ्या आई-बापाशी जुळली नाहीत, जन्म देणाऱ्या आई-बापाशी जुळली. १९९० मध्ये कॅनडात जुळ्या भावांच्या १२ जोड्यांना साधारण शंभर दिवस ठेवून घेतलं आणि त्यातले ८४ दिवस गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खायला घातल्या. सगळ्यांना जादा सारखंच. वाढ मात्र कुणाची सव्वाचार किलो तर कुणाची तेरा किलोच्या वर, आणि गंमत अशी की एका जोडीतले दोघं भाऊ बरेचसे सारखे वाढले. म्हणजे तेच जादा अन्न एकाच्या अंगाला लागतं आणि दुसऱ्याच्या लागत नाही हे आपल्या बायका आधीपासून म्हणत आल्यात ते बरोबरच आहे.

२००७ मध्ये वजनाशी संबंध असलेला एफटीओ नावाचा जीन, म्हणजे आई-वडलांकडून येणारं जनुक, सापडला. त्याचा वजन वाढवणारा प्रकार आई आणि वडील दोघांकडूनही आला तर सरासरी ३ किलो वजन जास्त भरतं. तीन किलो फक्त! असे वजनाशी संबंध असलेले आता शेकडो जीन माहीत झालेत, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर, आणि त्यांचं काम बहुतेक मेंदूत चालतं, भूक किती लागते, पोट भरलं हे कधी कळतं, समोर भजी दिसली की हात किती लवकर जातो, असल्या गोष्टीत. म्हणून तुमच्या मुलाला जेवून अर्ध्या तासानं परत भूक लागते तेव्हा तो हावरटपणा करत नाहीये, त्याला खरंच भूक लागतेय. त्याला रागवू नका हो त्यासाठी.

पण ह्याच जीनची दुसरी बाजू आहे आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथं आहे. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम म्हणून गाव आहे, तिथल्या घराघरांचा पिढ्यानुपिढ्या अभ्यास चाललाय. तिथं असं दिसलं की १९४२ च्या आधी जन्मलेल्या लोकांत एफटीओ जीनचा तो वजन वाढवणारा प्रकार असला तरी वजनात फरक नव्हता, आणि नंतर जन्मलेल्यांत तोच जीन ठळक वजन वाढवतोय. जीन तोच होता पण आजोबांच्या काळात तो गप्प बसला कारण त्याला बोलायला जागाच नव्हती, कष्ट भरपूर आणि खाणं मोजकं. आणखी एक, जे लोक अंगमेहनत करतात त्यांच्यात ह्या जीनचा जोर पाव हिश्शाहून थोडा जास्तच कमी होतो असं दोन लाखांवर माणसांच्या अभ्यासातून २०११ मध्ये दिसलंय. तेव्हा रक्तात आहे म्हणून डाएट करून काय उपयोग, हे बरोबर नाही, उलट ज्याच्या रक्तात आहे त्याच्याच घरानं जास्त सांभाळायला पाहिजे.

आता तुमच्या आईकडं येते. तुम्ही "७३ सालच्या उन्हाळ्यात जतकडं जन्मली" असं सहज लिहून गेलात पण मी तिथंच थांबले. बहात्तरचा दुष्काळ. तुमच्या आजी तेव्हा पोटुशी होत्या, म्हणजे दुष्काळात वाटलेली सुकडी आणि मिलो नावाच्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी खाऊन, कदाचित दुष्काळी कामावर खडी फोडत त्यांनी ते नऊ महिने काढले असणार. माझ्याकडं त्या पिढीतल्या बायका येतात, त्यांच्या आया काय खात होत्या ते त्या अजून सांगतात, ऐकवत नाही. अशा वेळी पोटातलं बाळ काय शिकतं? बाहेर अन्न कमी आहे, मिळेल ते साठवून ठेव. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात महायुद्धामुळं मोठी उपासमार झाली होती, तेव्हा जी मुलं आईच्या पोटात गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात होती ती १९ वर्षांची झाल्यावर सैन्यभरतीत तपासली तर त्यांच्यात लठ्ठपणा जास्त निघाला, हा १९७६ चा अभ्यास आहे. शेवटच्या तीन महिन्यांत ज्यांनी उपास काढला त्यांच्यात मात्र कमी निघाला. म्हणजे पोटात कुठल्या महिन्यात उपास पडला ह्यालासुद्धा महत्त्व आहे.

आपल्याकडचं उदाहरण तर अजून जवळचं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, आपलं बाळ बारीक, हातपाय काटक्या, पण पाठीवरची कातडी चिमटीत धरून मोजली तर चरबी जवळजवळ त्या गोऱ्या बाळाएवढीच! स्नायू कमी आणि चरबी राखलेली. बाळ दिसायला बारीक पण आतनं चरबीवालं. डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये आपला स्वतःचा आणि एका इंग्रज डॉक्टर मित्राचा फोटो छापला होता, दोघांचाही बीएमआय एकदम सारखा, २२.३, पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रजाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून तर आपल्या लोकांसाठी मोजमाप कडक ठेवलंय, बीएमआय २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा, कमरेचा घेर पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० च्या आत. "मी कुठं जाड आहे, नुसतं पोट तर आहे" असं मालक म्हणत असतील तर त्यांना टेप लावून दाखवा, आपल्यात पोट हीच खरी गोष्ट आहे.

आणि आता एक गोष्ट सांगते जी मी प्रत्येक गरोदर बाईला सांगते. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते ना, तेव्हाच तिच्या बीजकोशात तिची आयुष्यभराची सगळी बीजं तयार झालेली असतात. म्हणजे ज्या बीजापासून तुम्ही झालात ते बीज तुमच्या आईच्या अंगात तयार झालं तेव्हा तुमची आई स्वतः तुमच्या आजीच्या पोटात होती, जतच्या त्या दुष्काळात. तुमचा अर्धा भाग त्या उपासात तिथं होता ताई. त्या उपासाची खूण तुमच्यापर्यंत किती आली हे कुणी मोजून सांगू शकत नाही, पण "माझी चूक" म्हणताना हे डोळ्यांपुढं आणा.

मग काटकसरीला शिकलेलं ते शरीर मोठं झालं, तुमच्या आईचं लग्न झालं, जमिनीला पाणी आलं, ऊस आला, घरात तेलाचा डबा आला, आणि जे शरीर कमी खाऊन जगायला तयार झालं होतं त्याला चाळिशीत शुगर झाली. तुम्हाला पंचविशीतच, बाळंतपणात झाली. आणि आईच्या रक्तात साखर जास्त असली की ती वारेतून बाळाकडं जाते, बाळाचं इन्शुलिन वाढतं, बाळ चरबी साठवतं. हे जीनमुळं की पोटातल्या वातावरणामुळं हे कळायला अमेरिकेतल्या पिमा जमातीत एक फार चांगला अभ्यास झाला, एकाच आईची मुलं घेतली, काही तिला शुगर व्हायच्या आधी झालेली आणि काही नंतर. भावंडंच ती, रक्त एकच, पण नंतर झालेल्या मुलांत लठ्ठपणा आणि शुगर दोन्ही जास्त निघालं. ही गोष्ट दुसऱ्या बाळासाठी लक्षात ठेवा, त्याच्यावर शेवटी परत येते.

इथपर्यंतचं झालं ते आपल्या हातात नव्हतं. आता घरचं ताट.

पेशंटच्या घरी गेले की मी चहा नको म्हणते आणि स्वयंपाकघरात जाऊन बसते, तिथं सगळं कळतं. मागच्या वर्षी असंच एका घरी गेले होते, घरात पाच माणसं, सूनबाईला विचारलं महिन्याला तेल किती लागतं, ती म्हणाली पाच लिटर. सासूनं तिथंच दुरुस्त केलं, "पाचाचा कॅन आणि वर दोन पाकिटं." म्हणजे सात लिटर. सात लिटरला पाच माणसं आणि तीस दिवस असा भागाकार केला की माणशी रोज ४५ मिलीच्या वर तेल येतं, नुसत्या तेलातनं ३८० च्या आसपास कॅलरी. कुणी तळणाचा घास खाताना दिसत नव्हतं हो, तेल होतं ते कटावर तरंगणारं, शेंगाच्या चटणीवर ओतलेलं, भाकरीच्या जागी आलेल्या चपातीला दोन्ही बाजूनं लावलेलं, उप्पिटात सोडलेलं. त्यांना मी एवढंच सांगितलं की महिन्याचं तेल साडेतीन लिटर भरून वेगळं ठेवायचं आणि ते संपलं की महिना संपेपर्यंत नवीन आणायचं नाही. पहिल्या महिन्यात बाविसाव्या दिवशी संपलं आणि घरात भांडण झालं. तिसऱ्या महिन्यात पुरलं.

चहाचं असंच. आपल्या भागात साखर कारखाने दारात, ऊस आपला, पाहुण्याला फिका चहा दिला तर अपमान होतो. पोराला सकाळी चहा-बटर, शाळेतनं आल्यावर चहा-बिस्कीट, संध्याकाळी आजोबांबरोबर बशीत घोटभर, प्रत्येकात दीड-दोन चमचे साखर धरली तर पाच-सहा चमचे म्हणजे २५-३० ग्रॅम चहातच गेली. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की वरनं घातलेली साखर एकूण खाण्याच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांत बसवली तर उत्तम, आणि ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसभरात २५ ग्रॅम. ह्यात अजून बिस्कीट, बाजारादिवशीचा खाऊ, बेळगावहून आलेला कुंदा, गोकाकचा करदंट काहीच धरलेलं नाही. करदंट कुणी घरी आणला तर वाईट वाटून घेऊ नका, तो सणासारखा एक तुकडा खायचा, रोज डब्यात घालून पाठवायचा नाही.

शाळेजवळच्या दुकानातली पाच-दहा रुपयांची पाकिटं ही आणखी वेगळीच गोष्ट आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत २० माणसांना दवाखान्यातच ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनवलेलं पाकीटबंद खाणं आणि दोन आठवडे साधं घरच्यासारखं खाणं दिलं, पाहिजे तेवढं खा म्हणून सांगितलं. दोन्हीकडं ताटात साखर, मीठ, चरबी सारखी ठेवली होती तरी पाकीटवालं खाताना माणसं रोज ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत ०.९ किलोनं वाढली. मोठ्या शहाण्या माणसांना थांबता येईना तर नऊ वर्षाच्या पोराकडनं काय अपेक्षा करता.

पण सगळ्यात जास्त वेळ मला सासूबाईंबद्दल बोलायचंय. तुम्ही लिहिलंय की मुलगा पोट भरलं म्हणाला तरी त्या "अजून एक घे, ताटात टाकायचं नाही" म्हणतात आणि तुमची त्यावरनं कुरबुर होते. ताई, ज्या पिढीनं भूक बघितली तिच्यासाठी वाढणं म्हणजेच माया आहे. माझी स्वतःची आज्जी मला दारात बघितलं की "सुकलीस गं" म्हणायची, माझं वजन तेव्हा ७१ होतं. तिच्या डोळ्याला भरलेलं अंग म्हणजे सुख दिसायचं, खात्यापित्या घरची पोर. गरोदर बाईला "दोन जिवांची हाईस, दोघांचं खा" हे त्याच मायेतनं येतं, खरं बघितलं तर दिवस गेल्यावर रोज जादा लागतात फक्त साडेतीनशे कॅलरी. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तुपाचा हात सैल, हा खुराक अशा बाईसाठी होता जी चाळीस दिवसांनी परत भांगलणीला जायची. आज तीच बाई सहा महिने माहेरी बसून खाते, लाडू तेवढेच राहिले.

ताट स्वच्छ करायला लावणं हे मला सगळ्यात नुकसानीचं वाटतं, कारण लहान मूल जन्माला येतं तेव्हा त्याला पोट भरलेलं बरोबर कळतं, बाळ दूध पिताना तोंड फिरवतं बघा. आपण दहा वर्षं रोज त्याला शिकवतो की पोटाचं ऐकू नको, ताटाचं ऐक. मग ते विसरतं. उलट बाजूचीही तेवढीच चूक आहे, एकट्या पोराचं खाणं तोडायचं, त्याच्यासमोर बहिणीला भजी आणि त्याला काकडी. अशी मुलं मिळेल तिथं चोरून खातात आणि जास्त खातात. ढोल्या, जाड्या म्हणून चिडवल्यानं वजन उतरलेलं एकही पोर मी २६ वर्षांत बघितलं नाही, वाढलेली खूप बघितली.

म्हणून असं करा. काय शिजणार, कधी आणि कुठं बसून खायचं हे घरातल्या मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं हे मुलानं ठरवायचं. पहिलं वाढणं लहान, परत मागितलं तर द्यायचं, नको म्हणाला तर कुणी आग्रह करायचा नाही. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, भांडण होतंय, तुमच्या मालकांनी सांगावं किंवा मला त्यांना भेटू द्या. आणि त्यांच्याकडनं काढून घेण्याऐवजी त्यांना काम द्या. त्यांना नाचण्याची आंबील येते, हुलग्याचं माडगं येतं, ज्वारीची भाकरी थापता येते, जे तुम्हाला आणि मला तसं येत नाही. २०१३ पासून कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेचा तांदूळ रेशनला आला, घराघरातली भूक गेली, फार मोठी गोष्ट झाली, पण त्याबरोबर बऱ्याच घरांत भाकरी एका वेळेवर आली आणि भाताचा डोंगर ताटात आला. भात बंद करू नका, निम्मा करा, त्या जागी आमटी घट्ट आणि पालेभाजी जास्त, अंडं खात असाल तर अंडं. आजीच्या हातची भाकरी नातवाला परत मिळाली तर दोघांचं भलं आहे.

कष्टाचं थोडक्यात सांगते. सासूबाई तुमच्या वयाच्या असताना जातं, आडाचं पाणी, डोक्यावर उसाच्या वाड्याचा भारा, सगळं एका दिवसात करायच्या, त्यांना व्यायाम हा शब्द माहीत असायचं कारण नव्हतं. तुमचा मुलगा व्हॅननं शाळेत जातो, ट्यूशनला गाडीवरनं, आणि घरी मोबाईल. त्याला जिमची गरज नाही, रोज एक तास घाम येईल असं खेळायला पाहिजे, तासाचे दोन तुकडे केले तरी चालतं. झोप ह्या वयाला ९ तासांच्या वर लागते, झोप कमी पडली की भूक वाढवणारं हार्मोन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं कमी होतं. मालक दुकान बंद करून साडेदहाला येतात आणि पोरगं बाबांबरोबर दुसऱ्यांदा जेवतं असं तुम्ही लिहिलंय, ते आधी थांबवा. बाबांबरोबर वेळच पाहिजे असेल तर सकाळी अर्धा तास दोघं चालत दूध आणायला जाऊ देत, मालकांच्या ९२ ला पण उपयोग होईल.

वजन उतरवायचं ध्येय ठेवू नका. ह्या वयात वजन ४६ वर धरून ठेवलं आणि उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढत गेली तर दीड-दोन वर्षांत आकडा आपोआप बराच खाली येतो. सासूबाईंचं "उंचीत निघून जातंय" असं खरं करता येतं. उपाशी ठेवणारं डाएट, पावडर, शेक, पोटाचे पट्टे यातलं काही नको, मी हात जोडून सांगते.

डॉक्टरला मात्र एकदा दाखवाच. मुलाची मान मागनं बघा, काळी, मखमलीसारखी जाड कातडी झालीय का? बऱ्याच आया मळ समजून बेसन-लिंबू लावून घासतात आणि पोर रडतं. ती मळाची नसते, अंगात इन्शुलिन नीट काम करत नाहीये त्याची खूण असते, घासून जाणार नाही, वजन सावरलं की हळूहळू फिकी होते. रात्री घोरतो का, गुडघे दुखतात का, बीपी, उपाशीपोटी शुगर, लिव्हरची आणि चरबीची रक्त तपासणी करून घ्या. थायरॉइडमुळं असेल असं सगळ्यांना वाटतं, पण साधा अंदाज असा की मूल जाड आहे आणि वयाच्या मानानं उंचही आहे तर बहुतेक वेळा हार्मोनचा आजार नसतो, जाड आहे आणि उंची खुंटलीय तर मात्र लगेच तपासायला पाहिजे. तुमच्या मुलाची उंची चांगली आहे. पाच वर्षांच्या आतच वजन बेसुमार वाढलं आणि भूक कधी भागतच नाही अशी मुलं क्वचित असतात, त्यांच्यात एकाच जीनचा दोष असू शकतो, तो वेगळा विषय.

आता तुमचं, आणि हे पुढं ढकलू नका. बाळंतपणात शुगर निघालेल्या बाईला पुढं कायमची शुगर व्हायची शक्यता इतरांपेक्षा ७ ते १० पट असते, तपासणी बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांत एकदा आणि मग एक ते तीन वर्षांनी करत राहायला पाहिजे होती, नऊ वर्षं झाली, कुणी तुम्हाला सांगितलंच नाही याचं मला दुःख आहे. दुसऱ्या बाळाचा विचार दिवस जायच्या आधी शुगर बघून करा. जास्त निघाली तर आधी ती खाली आणू, ७८ चे ७३ झाले तरी फरक पडतो, फॉलिक अॅसिड सुरू करू, मग दिवस जाऊ देत. दिवस गेल्यावर पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी मागून घ्या, दोन तासांनी आकडा १४० किंवा वर आला तर शुगर समजायची, आणि पहिल्यांदा नॉर्मल आली तरी सहाव्या महिन्यात परत करायची. बाळ झाल्यावर सहा महिने फक्त अंगावरचं दूध.

येत्या आठवड्यात एक दिवस सकाळी काही न खाता, चहासुद्धा न घेता लॅबला जा. उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची, दोन्ही सांगा. आईला पण बरोबर न्या, तिची तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर बघायची राहिली असेल. आणि घरी दाराच्या चौकटीला मुलाला उभा करून पेन्सिलनं उंचीची रेघ मारा, बाजूला तारीख घाला, पुढची रेघ तीन महिन्यांनी.